वाचलेली पिलं

बारा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली की एकविसाव्या दिवशी त्यांतून नऊ-दहा पिलं निघतात. ज्याच्या घरात कधीकाळी कोंबडी होती, त्या प्रत्येकाला एवढं ठाऊक असतं. तीन महिन्यांनी त्या दहांतली किती उरली, असं विचारलं की मात्र उत्तर अडखळत येतं. दोन घारीनं नेली, दोन बोक्यानं, एक पाण्याच्या भांड्यात पडलं, बाकीची अशीच गेली. या 'अशीच गेली'मध्ये मानमोडी असते, रक्ती हगवण असते, जानेवारीतली एखादी कडाक्याची रात्र असते, कडी न लावलेलं खुराड्याचं दार असतं. कोंबडीपालनाची बोलणी बहुतेक वेळा जात कोणती घ्यावी आणि ती वर्षाला अंडी किती देते, इथून सुरू होतात. माझ्या मते ती दुसऱ्या टोकाकडून सुरू व्हायला हवीत. घरच्या कळपाचं खरं उत्पन्न वाचलेल्या पिलांत असतं, आणि पिलं वाचवणं हे शिकता येण्यासारखं काम आहे. त्या कामासाठी हे पुस्तक आहे.

ते लिहून झालं लखनौच्या मानक नगरात. लखनौ सोडून कानपूरच्या दिशेनं निघालं की लागणारं हे छोटं स्टेशन, आणि त्याला लागून रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेची वसाहत. १९५७मध्ये ही संस्था उभी राहिली आणि तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं बदलून इथे येत राहिली. त्यांत आमच्यासारखी मराठी घरंही आली. क्वार्टरच्या मागे थोडी मोकळी जागा, डोक्यावर जुनी झाडं, भिंतीपलीकडे गवत. कोंबडीला हे सगळं आवडतं. मुंगसालाही आवडतं. कोकणातून किंवा देशावरून आलेल्या माणसाला आपल्या गावची कोंबड्यांची समज इथे जशीच्या तशी लागू पडेल असं वाटतं, आणि पहिल्याच मे महिन्यात लू, म्हणजे होरपळवणारा वारा, सुरू झाली की ते वाटणं संपतं. डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं आणि बोचरी थंडी, मे-जूनमध्ये पंचेचाळिसाच्या आसपास जाणारा पारा. या दोन टोकांच्या मधे पिलं काढायची आणि वाढवायची असतात. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या वाचकांना हा उन्हाळा ओळखीचा वाटेल. कोकणातल्यांनी उन्हाऐवजी पावसाचा हिशेब धरावा. पुस्तकात त्याचं वेगळं प्रकरण आहे.

लखनौला कोंबड्यांचा जुना नाद आहे, पण तो अंड्यांसाठी नव्हता. अब्दुल हलीम शरर यांनी 'गुज़िश्ता लखनऊ'मध्ये नवाबी काळातल्या मुर्गबाजीचं वर्णन केलं आहे. योहान झोफनी या चित्रकारानं नवाब आसफउद्दौलाच्या दरबारातली कर्नल मॉर्डंटची कोंबडझुंज रंगवली. १७८४ ते १७८६ या काळातलं ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. झुंजीवर १९६०च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्यानं बंदी आली, आणि ते उत्तमच झालं. झुंजीसाठी जपलेली आसील जात मात्र टिकली, आणि घरगुती कळपाला तिचा उपयोग वेगळ्याच कारणासाठी आहे. आसील कोंबडी अंडी थोडी देते, पण अंड्यांवर जिद्दीनं बसते आणि पिलांजवळ आलेल्या मांजरावर चाल करून जाते. बरेलीजवळच्या इज्जतनगरला १९७९मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं या आसीलशी संकर करून 'कारी निर्भीक' तयार केली, कडकनाथापासून 'कारी श्यामा', आणि उघड्या मानेच्या देशी कोंबडीपासून 'हितकारी'. निर्भीक वर्षाला साधारण दोनशेपर्यंत अंडी देते, आणि शिकारी प्राण्यांपासून स्वतःला वाचवू शकते असं खुद्द संस्थाच तिच्या वर्णनात सांगते. उत्तरेतल्या उन्हाळ्यात हितकारीची उघडी मान कामाला येते, कारण कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता तिला चोच उघडून धापा टाकत आणि पिसं नसलेल्या कातडीतून बाहेर टाकावी लागते.

जातींबद्दल मी यापुढे फार लिहिणार नाही. हैदराबादची वनराजा, ग्रामप्रिया, बंगळूरची गिरीराजा या सगळ्या चांगल्या जाती आहेत आणि महाराष्ट्रात ओळखीच्या आहेत. एक गोष्ट मात्र या जाती घेणाऱ्याला आधी सांगायला हवी. अंडी वाढवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना खुडूक होण्याचा गुण मागे पडत जातो, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते. मग सुधारित कोंबड्या घेतलेल्या घराला दर वेळी पिलं विकत आणावी लागतात. म्हणून सुधारित कोंबड्यांबरोबर एक-दोन गावठी किंवा आसील माद्या ठेवाव्यात. अंडी कुणाचीही असोत, ती उबवायला गावठी.

२०१९च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून थोडे अधिक कुक्कुट पक्षी मोजले गेले, आणि त्यांतले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची ही वाढ ४५ टक्क्यांहून अधिक होती. हे पक्षी बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईच्या हातचे असतात. अंड्याचे पैसे तिच्या डब्यात जातात, पाहुणा आला तर कोंबडी तीच काढून देते, आणि पिलू मेलं तर तोटाही तिचाच. सरकारी योजना आखणाऱ्यांनाही पिलांच्या मरतुकीचा प्रश्न दिसला होता. म्हणून तर एक दिवसाची पिलं थेट घरी वाटण्याऐवजी ती 'मदर युनिट'मध्ये चार आठवडे वाढवून मग वाटायची पद्धत आली. ती योग्यच आहे. पण चार आठवड्यांचं पिलू मुंगसाच्या हातून सुटेल एवढं मोठं नसतं, आणि ज्या अंगणात खुराडं धड नाही तिथे ते दिल्यानं फक्त मरण्याची तारीख पुढे जाते.

उबवणुकीकडे वळू. अंडं फलित असावं लागतं, त्यासाठी आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन आठवड्यांच्या आसपास टिकतं, त्यामुळे कोंबडा विकला तरी पुढचे काही दिवस अंडी फलित मिळत राहतात. उबवायला घ्यायची अंडी आठवडाभराच्या आतली असावीत, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत आणि धुऊ नयेत; कवचावर एक अतिपातळ साय असते, ती गेली की जंतूंना वाट मोकळी होते. इथे लखनौत एप्रिलनंतर एक घोटाळा होतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. साधारण सत्तावीस अंशांच्या वर गेलं की अंड्यातला जीव हळूहळू वाढू लागतो. स्वयंपाकघराच्या फळीवर दुपारी तो वाढतो, पहाटे मंदावतो, आणि असा चार-सहा दिवस हेलपाटत मरतो. मग ते अंडं कोंबडीखाली गेलं काय नि यंत्रात गेलं काय. लोक कोंबड्याला दोष देतात, कोंबडीला देतात, कधी वीज कडाडली म्हणतात. त्या विजेच्या भीतीनं कित्येक घरांत अंड्यांजवळ लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात. ठेवायचा तर ठेवावा, पण अंडी आधी माठाशेजारच्या गारव्यात ठेवावीत.

सातव्या रात्री अंडी तपासावीत. खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चवर मूठ धरायची आणि मुठीच्या वरच्या भोकावर अंड्याची रुंद बाजू टेकवायची. चांगलं अंडं आतून लालसर उजळतं, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात आणि मधोमध एक काळा ठिपका असतो. हात स्थिर ठेवून क्षणभर पाहिलं तर तो ठिपका किंचित हलतो. वांझ अंड्यात फक्त पिवळट उजेड दिसतो. तिसऱ्या प्रकारचं अंडं ओळखणं सर्वांत महत्त्वाचं: आत शिरा नसतात, एक तांबडं कडं मात्र असतं. जीव वाढायला लागून मेला, त्याची ती खूण. अशी अंडी त्याच रात्री काढून टाकावीत, नाहीतर ती कुजून फुटतात आणि शेजारची चांगली अंडीही नासवतात. एखाद्या पाळीत अशी कडी बरीच निघाली, तर दोष कोंबड्याचा नसून अंडी साठवण्याचा आहे असं धरावं.

कोंबडी बसली असेल तर पुढचं बहुतेक काम ती करते. पोटाखालची पिसं झडून उघडी झालेली कातडी ती अंड्यांना भिडवते, दिवसातून अनेकदा चोचीनं अंडी फिरवते आणि एकदा उठून पंधरा-वीस मिनिटांत चारापाणी करून परतते. आपण दाणापाणी जवळ ठेवायचं आणि इतर कोंबड्यांना तिच्या टोपलीत नवीन अंडी घालू द्यायची नाहीत; त्यासाठी आपल्या अंड्यांवर पेन्सिलीनं खूण करावी. यंत्र वापरणाऱ्यानं तापमान साडेसदतीस ते पावणेअडतीस अंशांच्या दरम्यान ठेवावं, पहिले अठरा दिवस आर्द्रता पंचावन्न-साठ टक्के आणि शेवटचे तीन दिवस पासष्टच्या वर. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं. मधेच वीज गेली तर घाबरून झाकण उघडून पाहू नये. बंद यंत्र घोंगडीनं गुंडाळून ठेवलं तर तास-दोन तासांत बिघडत नाही.

शेवटच्या दिवशी माणसाचा धीर सुटतो. कवचाला टिचकीएवढं भोक पडलेलं असतं, आतून चिवचिव येत असते आणि तासन्‌तास काही हलत नाही. त्या वेळी पिलू थकून पडलेलं नसतं. ते पहिल्यांदाच फुप्फुसांनी श्वास घेत असतं, कवचाच्या आतल्या पडद्यावरच्या शिरांमधलं रक्त अंगात ओढत असतं आणि उरलेला बलक पोटात घेत असतं. भोक पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. मायेनं कवच सोलणाऱ्याच्या हाती रक्तबंबाळ पिलू येतं. आत घेतलेल्या त्या बलकावर पिलू दोन दिवस काही न खाता राहू शकतं, म्हणून एक दिवसाची पिलं खोक्यात घालून दूरच्या गावी पाठवता येतात. म्हणूनच पहिलं पिलू निघाल्याबरोबर दाणे टाकायची घाई करू नये. बाकीची निघेपर्यंत आईला टोपलीतच बसू द्यावं.

यापुढचे सहा आठवडे हा माझ्या लेखी या विषयाचा गाभा आहे.

पिलाच्या अंगावर लव असते, पिसं नसतात, आणि स्वतःची ऊब राखणं त्याला जमत नाही. आई असेल तर ते दर थोड्या वेळानं तिच्या पंखाखाली शिरतं. आई नसेल तर पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश लागतात, आणि दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत न्यायचे. थर्मामीटरपेक्षा पिलांकडे पाहून जास्त कळतं. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोची उघडून बसली तर ताप जास्त आहे. सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर सगळं ठीक. खाली भाताचं तूस दोन इंच पसरावं, पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद घालावा म्हणजे पिलं तूसच खात बसत नाहीत. पाण्याचं भांडं उथळ घ्यावं आणि त्यात गोटे टाकावेत. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवणीचं भय सुरू होतं. तिचे जंतू ओल्या गादीत वाढतात, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस रोज उलथावं आणि ओलं झालेलं काढून टाकावं. पावसाळ्यात बुरशी धरलेला मका किंवा कणी स्वस्तात मिळते. ती घेऊ नये, त्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खातं.

आणि याच सहा आठवड्यांत शिकारी येतात. दिवसा कावळा, घार, शिक्रा, मुंगूस. रात्री मांजर, घूस, उदमांजर. सापाला वेळ नाही. मागे राहिलेल्या खुणांवरून कोण येऊन गेलं ते बरंचसं कळतं. पिलू मागमूस न ठेवता नाहीसं झालं तर घार किंवा मांजर. बिळाच्या तोंडाशी ओढत नेल्याच्या खुणा असल्या तर घूस. अंडी सबंध गेली, एक कवचही मागे नाही, तर साप. एकाच वेळी तीन-चार पक्षी मारून टाकलेले आणि खाल्लेले जेमतेम एक, असं दिसलं तर मुंगूस किंवा उदमांजर आत शिरून कोंडलं गेलं होतं. हे शेवटचं दृश्य फार वाईट असतं, आणि ते पाहिलेली माणसं मुंगसाला दुष्ट ठरवतात. तो दुष्ट नाही. बंद जागेत पक्षी फडफडत राहतात, तोवर तो थांबत नाही.

मुंगूस आणि साप दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना मारणं हा गुन्हा आहे. विषानं उंदीर-घुशी मारायला गेलं तर मेलेला उंदीर कोंबडीच खाते. तेव्हा उत्तर एकच उरतं: जाळी. बाजारात 'मुर्गा जाली' म्हणून षटकोनी भोकांची पातळ तार मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. ती दातानं वाकते, आणि लहान पिलू तर तिच्यातून डोकं बाहेर काढतं. घ्यायची ती अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डेड जाळी. ती जमिनीपाशी संपवायची नाही. फूटभर खाली पुरायची, किंवा जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून तिच्यावर विटा मांडायच्या. उकरणारा प्राणी भिंतीच्या मुळाशी उकरतो, मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही, आणि जाळी पायाखाली लागली की तो निघून जातो. इथे भिंतीपलीकडच्या गवतातून येणारा मुंगूस असंच करतो: मागच्या पायांवर उभा राहून जाळीचा वास घेतो, कोपऱ्यापर्यंत जातो, कोपऱ्यात दोनदा पंजा मारतो आणि वळतो. कोपरे आणि दाराची फट याच दोन जागा तो तपासतो, म्हणून आपणही रोज त्याच तपासाव्यात. खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच असावं, हवेची जागा वर छपराजवळ असावी, आणि कडी अशी असावी जी धक्क्यानं उघडणार नाही.

संध्याकाळी दार लावणं हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारं काम. कोंबडीला अंधुक उजेडात नीट दिसत नाही, म्हणून दिवस मावळला की ती आपणहून घरी येते आणि काठीवर चढून बसते. एकदा बसली की रात्रभर ती असहाय असते. उचलून नेलं तरी ओरडत नाही. पक्षी मोजून दार लावायचं. एक कमी असेल तर तेव्हाच शोधायचा, सकाळी शोधायला काही उरत नाही.

दिवसा मात्र तिला बरंच काही करता येतं. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठात ख्रिस एव्हन्स यांनी कोंबड्यांच्या हाकांवर अनेक वर्षं काम केलं. वरून येणाऱ्या शिकारी पक्ष्यासाठी कोंबडा एक वेगळी हाक देतो आणि जमिनीवरच्या प्राण्यासाठी दुसरी, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावर ससाण्याची आणि रकूनची चित्रफीत दाखवून तपासलं. अंगणात पंधरा दिवस कान देऊन बसलं तर हे आपल्यालाही ओळखता येतं. घार दिसली की एक लांब, बारीक, कुठून आली ते न कळणारी किंकाळी येते आणि कोंबड्या दबून बसतात किंवा झुडपाखाली पळतात. मांजर दिसलं की ठोक्याठोक्याचा कडकडाट सुरू होतो आणि माना उंच होतात. दुसरा आवाज आला तर आपण बाहेर धावावं. पहिला आला तर धावून उपयोग नसतो, झुडपं आधीपासून असावी लागतात. म्हणून उघड्या सारवलेल्या अंगणापेक्षा करवंदीची, मेंदीची किंवा अडुळशाची दाट जाळी असलेलं अंगण पिलांना बरं. पहिला महिना आई-पिलांना डाल्याखाली किंवा जाळीच्या फिरत्या पिंजऱ्यात ठेवावं आणि तो पिंजरा रोज नव्या गवतावर सरकवावा.

आता रोग. परसातल्या कोंबड्यांचा सगळ्यांत मोठा मारेकरी मानमोडी. जगात तिला न्यूकॅसल म्हणतात, कारण १९२६मध्ये इंग्लंडच्या त्या शहराजवळ तिची साथ आली. आपल्याकडे ती कुमाऊंतल्या राणीखेतच्या नावानं ओळखली जाते. तेव्हा तो भाग लखनौच्याच प्रांतात होता, आणि राणीखेतपासून जवळ असलेल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत १९२०च्या दशकाच्या अखेरीस तिचा अभ्यास झाला. पुढे तिथल्याच विषाणूपासून तयार झालेली लस आपण आजही आर-टू-बी म्हणून टोचतो. म्हणजे गेली ऐंशी वर्षं हा रोग टाळता येण्यासारखा आहे, आणि तरीही उन्हाळ्याच्या तोंडावर गावंच्या गावं रिकामी होतात. मला याचा राग येतो. कारण लसीच्या किमतीत नाही, बाटलीच्या आकारात आहे. शंभर-दोनशे पक्ष्यांची मात्रा एका बाटलीत येते, ती बर्फात आणावी लागते आणि कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्या असलेल्या बाईनं ती का फोडावी?

बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं याचं उत्तर गावातल्या बायकांना लसटोचणी शिकवून काढलं. एकेका गावात एकीनं भल्या पहाटे, कोंबड्या सुटण्याआधी, घरोघर जायचं आणि पक्ष्यामागे थोडे पैसे घ्यायचे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णतेत तग धरणारी आय-टू ही लस तयार केली. ती डोळ्यात एक थेंब टाकून देतात आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत ती वापरली गेली. आपल्याकडे असं काही होईपर्यंत आपल्या हातात एक साधा उपाय आहे. वसाहतीतली, वाडीतली पाच-दहा घरं एकत्र येऊन एकच दिवस ठरवतात आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून एक बाटली आणतात. पिलू सात दिवसांचं असताना लासोटा ही मानमोडीचीच लस डोळ्यात, चौदाव्या दिवशी गम्बोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्यात देवीची, आठ ते दहा आठवड्यांत आर-टू-बी. हे वेळापत्रक पुस्तकात पानभर मोठ्या अक्षरांत दिलं आहे. ते फाडून खुराड्याच्या दाराला लावलं तरी चालेल.

बर्ड फ्लूबद्दल थोडं. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६मध्ये. तिथल्या मोठ्या पोल्ट्र्यांतल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आजूबाजूच्या पाड्यांतल्या घरगुती कोंबड्याही. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत तो परसातल्या पक्ष्यांत निघाला. २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला, त्याच महिन्यात कानपूरच्या प्राणिसंग्रहालयातल्या रानकोंबड्यांत, आणि नंतर पुन्हा नवापुरात. एकदा निदान झालं की ठरलेल्या परिघातले सगळे पक्षी मारावे लागतात, मग आपला कळप कितीही निरोगी असो. घरच्या माणसाच्या हाती त्याआधीचं काम आहे: बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवणं, दुसऱ्याच्या खुराड्यातून आल्यावर चपला धुणं, तळ्यावरच्या बदकांशी कोंबड्यांचा संबंध येऊ न देणं, आणि एका दिवसात तीन-चार पक्षी मेले तर ते लपवून न विकता दवाखान्यात कळवणं. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, आणि सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही, म्हणून कळवायला उशीर करू नये.

मेलेला पक्षी उघड्यावर टाकायचा नाही, पुरायचा; चुना घालून, कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढा खोल. मानक नगरात याला आणखी एक कारण आहे. अमौसीचा विमानतळ इथून जवळ, आणि विमान नियमावलीतल्या ९१व्या नियमानं विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत जनावर कापणं किंवा घारी-गिधाडं जमतील अशी घाण टाकणं मना केलेलं आहे. पंखांचा आणि आतड्यांचा ढीग पाहून घारी घिरट्या घालतात, त्या विमानालाही नको असतात आणि आपल्या पिलांनाही. वसाहतीत किंवा सोसायटीत राहणाऱ्यांनी पक्षी आणण्याआधी परवानगी विचारावी. शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलून घ्यावेत, विशेषतः कोंबडा ठेवणार असाल तर. तो पहाटे साडेतीनलाही आरवतो.

उत्तरेतल्या हवेत पिलं काढण्याचं हे काम जानेवारीच्या मध्यावर जाळीपासून धरावं. कडी, कोपरे, जमिनीतली जाळी हे सगळं पुरं करून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, धुकं ओसरलं की, खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. मार्चच्या सुरुवातीला पिलं निघतील, एप्रिलच्या मध्यावर त्यांच्या अंगावर पुरती पिसं येतील, आणि लू पेटण्याआधी मेच्या पहिल्या पंधरवड्यात आर-टू-बी टोचून होईल. मे-जूनच्या दोन महिन्यांत खुराड्यावर गवताचं छप्पर, दुपारी ओलं पोतं, आणि दिवसातून तीनदा गार पाणी. यातून वाचलेल्या तलंगा सप्टेंबरच्या आसपास पहिलं अंडं घालतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर हाच क्रम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून धरावा.